आईला पाहायचा होता माळढोक

“उद्या उंटावर बसा, वाळूच्या टेकड्या बघा, संध्याकाळी गाणं ऐका. या दिवसांत तिकडं कुणी जात नाही,” असं तगाराम जीपवाल्यानं मला हिंदीत तिसऱ्यांदा समजावलं. जैसलमेरच्या लॉजच्या ओसरीवर तो खुर्चीच्या अगदी कडेला टेकला होता, म्हणजे उठून जायला बरं. सप्टेंबर होता. ऊन अजून उतरलं नव्हतं आणि पर्यटकांचा हंगाम सुरू व्हायला महिना होता.

आई भिंतीला टेकून, दुखरा गुडघा लांब करून बसली होती. तिला हिंदी थोडं कळायचं, बोलता यायचं नाही. तिनं मला विचारलं, “काय म्हणतोय?”

मी सांगितलं.

“त्याला म्हणावं, उंट आम्हाला बघायचा नाही. पहाटे साडेचारला गाडी आण. माळढोक उजाडताना चरायला निघतो. सूर्य दोन हात वर आला की सावलीला बसतो, मग मान सोडून काही दिसत नाही. मादी अंड्यावर असेल तर ती तेवढ्यात उठते, पोट भरते आणि परत बसते. उशीर केला तर जाऊन उपयोग नाही.”

मी ते हिंदीत केलं. तगारामनं पहिल्यांदाच आईकडं नीट पाहिलं. त्यांच्याकडं त्या पक्ष्याला गोडावण म्हणतात. आपण गोडावण पुष्कळ पाहिलेले दिसतात, असं तो आदरानं म्हणाला.

“एकदाही नाही,” आई म्हणाली.

तगाराम साडेचारला यायला कबूल झाला.

ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा अडतीस वर्षांची होते आणि एसटीच्या आगारात वाहतूक नियंत्रक होते. माझे वडील, अण्णा, म्हणजे सिदराम वाघमोडे, सोलापूरकडच्या माळरानावर वनरक्षक होते. उभी नोकरी त्यांनी माळढोकामागं घातली. घरात दुसरा विषय नसायचा. कुठं मादी बसली, कुठं नर गळ्याची पिशवी फुगवून नाचला, कुठल्या ओढ्याकाठी कोल्ह्यानं अंडं फोडलं, हे सगळं जेवताना चालायचं. आई वाढत असायची आणि ऐकत असायची. तिनं कधी त्यावर एक प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही. अण्णा निवृत्त होईपर्यंत आमच्या भागातला माळढोक दिसेनासा झाला होता. त्यानंतर सहा वर्षांनी, फेब्रुवारीत, ते गेले.

दिवसपाणी आटोपल्यावर आई माझ्याकडं राहायला आली. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी भांडी पुसता पुसता म्हणाली, “मंदा, मला तो पक्षी दाखव.”

मला भरून आलं. वाटलं, अण्णांची आठवण आहे. म्हटलं, आपल्याकडं आता कुठला आई, पण राजस्थानात आहे, वाळवंटातल्या राष्ट्रीय उद्यानात. दिवाळीनंतर जाऊ, थंडीत, सगळे मिळून.

“दिवाळीनंतर नको. भादव्यात. अंडं असतं तेव्हा. आणि सगळे नकोत, आपण दोघीच.”

माझ्या नवऱ्याला हे वेड वाटलं. सासूबाईंचा गुडघा, दोन दिवसांचा रेल्वेप्रवास, वाळवंटातलं ऊन, आणि एवढं करून पक्षी दिसेल याची हमी नाही. त्याचं काही खोटं नव्हतं. मी आईला हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “नाही दिसला तर परत येऊ. पण गेले नाही असं व्हायला नको.” आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी ती सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारायला लागली. पहिल्या दिवशी दोन. जुलैत तीस.

तेव्हा मीही कंबर कसली. गाड्या वेळेवर सोडणं हेच तर माझं काम होतं. उद्यानाच्या कार्यालयात फोन लावले, पत्र पाठवलं. विणीच्या हंगामात पाहुण्यांना आत फिरू देत नव्हते, फक्त एका चौकीजवळच्या मचाणापर्यंत, सूर्योदयापासून दुपारपर्यंत, एवढीच परवानगी मिळाली, तीही एका दिवसाची. मला रजा मिळाली सहा दिवसांची. त्यातले पाच येण्याजाण्यात जात होते. उरलेल्या एका दिवसाचा मी तक्ता केला. साडेचारला निघायचं, सहाच्या आत चौकी, साडेबाराला परत, दोनपर्यंत लॉजवर, आणि पाचच्या सुमाराची जोधपूरची गाडी. ती चुकली तर पुढचं सगळं आरक्षण पाण्यात. बारा लिटर पाणी, कडक भाकऱ्या, शेंगाचटणी, गुडघ्याचं तेल, अण्णांची दुर्बीण. तक्ता मी आईला वाचून दाखवला. तिनं एकच बदल केला. “दुर्बीण नको. त्यांची नको.” मला ते विचित्र वाटलं, पण दुर्बीण मी घरीच ठेवली.

तर पहाटे साडेचारला तगाराम आला. अंधारात शहर मागं पडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसती सपाट जमीन होती, मधूनच खेजडीचं एखादं झाड. मला वाटलं होतं वाळवंट म्हणजे वाळूच वाळू. पण उजाडायला लागलं तसं दिसलं, की पाऊस नुकताच होऊन गेल्यानं सगळीकडं गुडघाभर गवत उभं होतं. आई जीपच्या दांडीला धरून बाहेर बघत होती.

“हा तर माळच आहे,” ती म्हणाली. तिचा आवाज जरा कडक वाटला मला.

चौकीवर एक वनरक्षक होती. खाकी गणवेश, डोक्यावर ओढणी, वय पंचविशीचं. नाव सुगना. तिनं आमची चिठ्ठी पाहिली, आम्हाला हळू बोलायला सांगितलं आणि मचाणाकडं नेलं. मचाण म्हणजे लोखंडी खांबांवरचा लाकडी फळ्यांचा चौथरा, वर पत्रा, चढायला शिडी. आईनं शिडीच्या सात पायऱ्या चढायला किती वेळ घेतला ते सांगत नाही, पण हात कुणाचा घेतला नाही.

वर तीन पायांच्या स्टँडवर एक दुर्बीण लावलेली होती. सुगनानं ती वळवली, डोळा लावला, स्क्रू घट्ट केला आणि आईला खूण केली.

मी आधी नुसत्या डोळ्यांनीच पाहिलं. दूर, गवतात एक उभी पांढरी रेघ. मग ती रेघ हलली. दुर्बिणीतून पाहिल्यावर कळलं की ती मान होती. मानेवर काळी टोपी घातल्यासारखं डोकं, खाली मातकट अंग, आणि चाल अशी की जसं काही सगळ्या रानाची मालकीण फेरी मारतेय. दोन पावलं टाकायची, थांबायची, मान ताठ करून चारी दिशांना बघायची, मग वाकून एखादा टोळ टिपायची. मी लहानपणापासून जिच्याबद्दल ऐकलं होतं ती मादी समोर होती. माझे डोळे भरून आले, अण्णांसाठी.

आईचे भरले नाहीत. तिनं दुर्बिणीला डोळा लावला तो मधूनच कधीतरी काढला. मादी चरली, रमतगमत परत फिरली, एका जागी येऊन घटकाभर उभी राहिली आणि अंग सावरून खाली बसली. गवताच्या वर फक्त डोकं उरलं. तरी आई बघतच होती. मी पाणी दिलं, तिनं घेतलं नाही. सूर्य चांगला वर आला. खाली जीपच्या सावलीत तगाराम झोपला.

आठ वाजून गेल्यावर आईनं डोकं वर केलं, आणि म्हणाली ते भलतंच. “त्या बाईचं मूल आजारी आहे.”

मी म्हटलं, “कुणाचं?”

“हिचं. मघापासून चौथ्यांदा त्या दगडावर चढली फोन घेऊन. ‘बच्ची’, ‘बुखार’ एवढं कळलं मला. परत येते तेव्हा तोंड बघ तिचं. विचार तिला.”

सुगना खरंच चौकीमागच्या एका उंच दगडावर उभी होती. तिथंच तेवढा फोन लागायचा. ती परत आल्यावर मी मचाणावरून हळूच विचारलं. आधी ती काही नाही म्हणाली. मग सांगितलं. अडीच वर्षांची मुलगी, कालपासून ताप, पहाटेपासून जुलाब आणि उलट्या. अठरा किलोमीटरवरच्या वस्तीत सासूजवळ होती. नवरा गुजरातेत कामाला. संध्याकाळी सहाला पहाऱ्याची पाळी संपली की ती जाणार होती. सासू म्हणत होती की पोर आता डोळे उघडत नाही.

मी म्हटलं, मग तुम्ही आत्ताच जा ना.

तिनं मादीच्या दिशेनं बोट केलं. दोन दिवस तीन कुत्री येत होती, मेंढपाळांच्या तळाकडून, कुंपणाखालची वाळू उकरून. गेल्या वर्षी तिच्याच पाळीत, ती जेवायला चौकीत गेली तेवढ्यात, एक अंडं गेलं होतं. हा पक्षी वर्षाला एकच अंडं घालतो. वरिष्ठ दुसऱ्या टोकाला कुंपणाच्या दुरुस्तीवर होते, त्यांना यायला दुपार झाली असती. “मी उठले आणि कुत्री आली तर?” ती म्हणाली. ती रडत नव्हती. तिनं ठरवून टाकलं होतं.

हे मी आईला मराठीत सांगितलं. आईनं तिला वर बोलावलं, आपल्यासमोर बसवलं आणि मला म्हणाली, “आता मी बोलते तसं तिला सांग. मध्ये काही विचारू नकोस.”

“बरं.”

“सांग, मलाही एक मुलगा होता.”

मी आईकडं बघत राहिले. मी एकुलती एक. लहानपणापासून माझ्या प्रत्येक कागदावर, प्रत्येकाच्या तोंडी हेच होतं.

“सांग,” आई म्हणाली.

मी सांगितलं. माझाच आवाज मला परका वाटला.

“तीन वर्षांचा होता. असाच भादवा होता. असाच ताप. आमची वस्ती माळाच्या कडेला, जवळ कुणी नाही, गाडी नाही. त्याचे वडील दोन दिवस माळावर होते. एका मादीनं अंडं घातलं होतं आणि शिकारी टोळी आल्याची खबर होती. मी एका मेंढक्याच्या हाती निरोप पाठवला की पोर तापानं फणफणलंय, घरी या.”

मी वाक्यामागून वाक्य हिंदीत करत गेले. सुगना हलत नव्हती.

“निरोप पोचला. मेंढका परत आला आणि म्हणाला, सकाळी येतो म्हणालेत. सकाळी नाही आले. दुपारी आले. पोर पहाटेच गेलं होतं.”

इथं मला थांबावं लागलं. आईनं माझ्या मांडीवर हात ठेवला, पण तिची नजर सुगनावरच होती.

“मी त्यांना काही बोलले नाही. ते गाव सोडलं, दुसऱ्या ठिकाणी बदली घेतली. मग ही झाली. एकेचाळीस वर्षं मी त्यांना जेवायला वाढलं, आणि हा विषय काढला नाही. त्यांनीही काढला नाही. ते गेले तेव्हा मी म्हटलं, ज्याच्यापायी ते आले नाहीत, ते एकदा डोळ्यानं बघते. म्हणून आले.” ती थांबली. “बघितलं. चांगला पक्षी आहे. पण तू जा. आमची गाडी घेऊन जा. मी बसते इथं.”

शेवटचं वाक्य हिंदीत करायची गरज पडली नाही. सुगनाला ते कळलं होतं. तरी ती नाही म्हणाली. पाहुण्यांच्या हाती पहारा देता येत नाही, नियम नाही. आई म्हणाली, “तर मग साहेबाला विचार. नियम तो सांगेल. तू कशाला आधीच सांगतेस?”

सुगनानं बिनतारी यंत्रावरून वरिष्ठांना सगळं सांगितलं. पलीकडून उत्तर आलं. तिनं लगेच घरी जावं, मुलीबद्दल आधीच का सांगितलं नाही, मी निघतोय, दोन-अडीच तासांत पोचतो. पाहुण्यांनी मचाण सोडू नये. कुत्री दिसली तर चौकीतला रिकामा डबा वाजवावा.

तगारामला उठवलं. त्यानं एकदाच माझ्याकडं बघून विचारलं, तुमच्या गाडीचं काय? मी घड्याळ पाहिलं. वस्तीला जायचं, तिथून मुलीला घेऊन शहरातल्या दवाखान्यात, मग परत आम्हाला न्यायला. पाचची गाडी मिळणं शक्य नव्हतं. दोन महिने बसून केलेला तक्ता होता, आणि एका मिनिटात मी तो सोडून दिला. “तुम्ही निघा,” मी म्हटलं.

सुगना जीपमध्ये बसली आणि मागं वळून न बघता गेली. आता त्या रानात आम्ही दोघी, तेलाचा एक रिकामा डबा आणि एक काठी.

मला आईला खूप काही विचारायचं होतं. ती म्हणाली, “आत्ता नको. तू डावीकडं बघ, मी उजवीकडं बघते.” मग आम्ही बघत बसलो. पत्रा तापला. डोळ्यांसमोर रान थरथरायला लागलं, प्रत्येक झुडूप कुत्र्यासारखं दिसायला लागलं. मी दोनदा उगीच डबा वाजवला.

साडेदहाच्या सुमारास ती खरंच आली. तीन, एकामागं एक, नाक जमिनीला लावून. मी डबा बडवला. ती थांबली, कान टवकारले आणि पुन्हा चालायला लागली. दोन दिवसांत त्यांना आवाजाची सवय झाली असावी. गवतावर दिसणारं ते डोकं आता ताठ झालं होतं. मादी उठली नाही.

मी बडवतच होते. शेजारी काहीतरी हललं म्हणून पाहिलं तर आई शिडीवर होती, पाठमोरी, काठी काखेत धरून.

“आई, खाली जायचं नाही म्हणालेत.”

“म्हणू देत,” ती म्हणाली.

तिचा पाय शेवटच्या पायरीवरून घसरला आणि ती गुडघ्यावर पडली. मी धावत उतरेपर्यंत ती उठली होती. लुगड्याचा काठ एका हातात, काठी दुसऱ्या हातात, लंगडत ती सरळ कुत्र्यांवर चालून गेली. मादीच्या बाजूनं नाही, तिला वळसा घालून, कुत्री आणि घरटं यांच्या मधोमध. कुठून कसं जायचं हे तिला कुणी शिकवलं होतं ते मला सांगायला नको. पुढचं कुत्रं गुरगुरलं. आईनं त्याच्या पुढ्यात काठी आपटली आणि धनगरी आवाजात अशी हाळी दिली की माझ्याही अंगावर काटा आला. मी मागून ढेकळं मारली. कुत्री बिचकली, दोन पावलं मागं सरली, पुन्हा आली. आई जागची हलली नाही. शेवटी पुढचं कुत्रं वळलं, आणि बाकीची दोन त्याच्यामागं पळाली. कुंपणाखालचं भोक सापडेपर्यंत आम्ही त्यांच्या मागं गेलो, आणि त्या भोकात काटेरी फांद्या कोंबल्या.

परत येताना आईनं मला हातानं मागं थोपवलं. दूरवर मादी उठून उभी होती. तिनं आमच्याकडं पाहिलं, पंख थोडे उचलले आणि पुन्हा बसली. अंडं शाबूत होतं.

वरिष्ठ आले तेव्हा आई मचाणाच्या सावलीत गुडघ्याला तेल चोळत होती. त्यांनी आम्हाला नियम मोडल्याबद्दल बोलून घेतलं, मग ते भोक पाहून आले आणि चहा केला.

तगाराम यायला पाच वाजले. मुलीला दवाखान्यात ठेवून घेतलं होतं, सलाईन लावलं होतं. दुपारी तिनं डोळे उघडून सुगनाकडं पाणी मागितलं, आणि ते पोटात राहिलं. एवढं कळेपर्यंत तगाराम तिथंच थांबला होता. तेवढ्यात आमची जोधपूरची गाडी सुटली असणार. मला ती आठवलीसुद्धा नाही.

जीप निघाली. रस्त्याला लागल्यावर मी विचारलं, “अण्णांना कधीच का विचारलं नाहीस?”

“काय विचारायचं होतं? मला वाटायचं, त्यांना पोरापेक्षा पक्षी मोठा वाटला. तेच ठाऊक होतं मला, मग विचारायचं कशाला?” ती गुडघ्यावर हात फिरवत राहिली. “आज मी तिथं बसले ना, तेव्हा सारखं वाटत होतं, तहान लागली तरी उठू नये. कुणाच्या हाती देऊन उठायचं? ती पोरगी गेली, कारण मागं आपण होतो. त्यांच्यामागं त्या रात्री कोण होतं, मंदा? मेंढक्यानं निरोप दिला आणि निघून गेला. तू जा, मी बसतो, असं कुणी म्हटलंच नाही त्यांना.”

मी तिचा हात धरला. मग विचारलं, “त्याचं नाव काय होतं?”

“नागनाथ,” आई म्हणाली.

तिनं ते नाव किती वर्षांनी उच्चारलं होतं कोण जाणे. सुरुवातीला ती थांबत थांबत बोलत होती. तो उशिरा चालायला लागला, शेळीच्या पिलाला ‘बाळ’ म्हणायचा, आंघोळीच्या वेळी पळून जायचा आणि अण्णा त्याला खांद्यावर घालून परत आणायचे. मग शब्द आपोआप येत गेले. शहर आलं, लॉज आलं, तगारामनं जीप थांबवली आणि इंजिन बंद केलं. आईचं सांगणं संपलं नव्हतं. तगारामला मराठी येत नव्हतं, पण तोही उतरला नाही.